आईनं मराठी बंद केली

मला वाचता येत नाही हे चौथीपर्यंत शाळेत कोणाच्या बापाला कळलं नव्हतं. शेजारच्या मुलीनं धडा एकदा मोठ्यानं वाचला की मला पाठ. माझी पाळी आली की उभी राहायची अन् घडाघडा म्हणून टाकायची. पानाकडे पाहिलं तर घ चा ध व्हायचा, भ चा म व्हायचा, ओळी एकमेकींवर चढायच्या. म्हणून मी पाहायचीच नाही. एक दिवस शिकवणाऱ्या बहनजी मागून येऊन उभ्या राहिल्या. मी नर्मदेचा धडा म्हणत होती अन् पुस्तक उघडं होतं भलत्याच पानावर.

बालाघाटातली आमची हिंदी शाळा. बहनजींनी बाबांना बोलावून घेतलं. मुलगी हुशार आहे म्हणाल्या, "पर घर में मराठी, स्कूल में हिंदी, बच्ची कन्फ्यूज हो रही है. घर में हिंदी बोला कीजिए." झालं! बाबा सरकारी कचेरीत, दिवसभर हिंदीतच वावरणारे, त्यांना एकदम पटलं. आमच्याकडच्या मराठी घरांना हा सल्ला नेहमीचाच, अन् लोक तो मुकाट्यानं मानायचेही. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, दुसरं काय! त्याच दिवशी जेवताना हुकूम सुटला, आजपासून या घरात हिंदी.

अन् घरात मराठी बोलत होतं कोण? आई. ती राजेगावच्या सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली. तिची हिंदी भाजीवाल्यापुरती. माझी खरी शाळा तिच्याजवळ स्वयंपाकघरात भरायची. भाजी निवडता निवडता ती गोष्ट सुरू करायची अन् मधेच थांबून म्हणायची, "पुढचं तू सांग वं." मग मी जी सुटायची! माझा कावळा आधी हिरवागार होता, भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत पडला म्हणून काळा झाला. आई पदर तोंडाला लावून हसायची. "काय डोकं आहे पोट्टीचं!" असं मला आख्ख्या गावात तीच एकटी म्हणायची.

हुकमानंतर तिनं प्रयत्न केला बिचारीनं. "बेटा, हात धोके जेवन करने बैठ." मला हसू फुटायचं, बाबा डोळे वटारायचे. एकदा हिंदीतून गोष्ट सांगायला बसली, दुसऱ्याच वाक्याला अडली अन् "जाने दे" म्हणून उठून गेली. मग ती कामापुरतंच बोलायला लागली. खाना खा ले. बाल बना ले. सो जा. मी मराठीत काही बोलली की ओठांवर बोट ठेवायची. सख्खी आई समोर बसून भाकरी थापते अन् आपल्याशी बोलत नाही, हे काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. बाबा कचेरीत गेल्यावर शेजारीण यायची, तेव्हा मात्र दोघी ओसरीवर पोटभर मराठीत बोलायच्या. मी आतून दाराला कान लावून ऐकायची. मला आईचा राग यायचा, शेजारणीचा त्याहून जास्त.

वाचन होतं तिथंच राहिलं. उलट आधी कानानं जे टिपायची तेही टिपता येईना, कशात मनच लागत नव्हतं. पाचवीला आमच्याकडे बोर्डाची परीक्षा असायची, तिच्यात मी नापास झाली. अन् खरं सांगते, निकाल कळल्यावर मला आनंद झाला! म्हटलं, चला, हिंदीनं काही उजेड पडला नाही, आता तरी आई बोलेल. पळतच घरी आली अन् दारातून ओरडली, "आई, मी नापास झाली!"

आई कपडे वाळू घालत होती. ओल्या हातांनीच तिनं मला जवळ घेतलं अन् रडायला लागली. "मेरी ही गलती है बेटा. बीच-बीच में मुँह से मराठी निकल जाती थी."

त्यानंतर तेवढीही निघेना.

मी रखडत शिकली. बोट ठेवून, एकेक अक्षर पकडून आजही वाचते. पुढं गोंदियात एका बालवाडीत काम करायला लागली, तेव्हा आम्हा बायांना शिकवायला नागपूरहून एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, काही लेकरांच्या डोक्याची घडणच वेगळी असते. अक्षरं त्यांच्या हाती लागत नाहीत, पण म्हणून ती मठ्ठ नसतात, अन् घरच्या बोलीचा त्यात काही दोष नसतो. अशा लेकराला तोंडी विचारा, चित्रं काढू द्या, गोष्टी रचू द्या, अन् त्याच्याशी भरपूर बोला. भरपूर बोला म्हणे! मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.

पहिल्या सुट्टीत बालाघाटला गेली. बाबा तोवर वारले होते. आईला समोर बसवलं अन् सगळं सांगितलं, मराठीतूनच. वाटलं होतं, तिच्या मनावरचा दगड उतरेल. ती खाली बघत ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "म्हंजे मी तुह्यासंगं बोलली असती तं चाललं असतं?"

"हौ," मी म्हटलं.

इतक्या वर्षांनी आई माझ्याशी मराठीत बोलली, अन् बोलली ते हे.