धाप लागलेल्याला आधी पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तसं तिच्यापासून काही लपत नाही — चोरून खाल्लेली भजी तिला माझ्या नुसत्या चेहऱ्यावरून कळतात. पण ही एक गोष्ट राहिली. कशी राहिली? बहुधा मी नट बरा आहे म्हणून.

तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीची माणसं चटकन "जाऊ द्या हो, होतं असं" म्हणतात आणि मोकळी होतात. मला तेच नको आहे.

मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. पाटबंधारे खात्यात खुर्ची उबवून निवृत्त झालो. पण माझा खरा जीव नाटकात. आमच्या सांगलीत हे खूळ कुणाला नसतं? माझा हातखंडा एकच — मरण. म्हातारा बाप असो, सावकार असो, शेवटच्या अंकात कुणाला मरायचं असलं की मला बोलावणं यायचं. छातीवर हात, एक पाऊल मागं, खुर्चीची पाठ चाचपायची, ती सापडायची नाही — आणि मग सावकाश खाली. पुढच्या रांगेतल्या बायका पदराची टोकं डोळ्यांना लावायच्या. मला त्याचा गर्व होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू — बघा, हे वाक्य किती सहज तोंडात येतं माझ्या.

तर त्या दिवसांत जेवण जरा जास्त झालं की छातीत धडधड व्हायची. पित्त असणार, मला पक्कं ठाऊक होतं. पण बायकोनं धोशा लावला. खासगी हृदयाच्या डॉक्टरांकडं फोन केला, तर महिन्यानंतरची वेळ. दुसरीकडं केला, तिथंही तीच गत. मग शेजाऱ्यांनी सांगितलं, सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस हृदयाच्या डॉक्टरीणबाई ओपीडीला बसतात, पोरसवदाच आहेत पण फार चांगल्या आहेत, फक्त पहाटे जाऊन नंबर लावावा लागतो. त्या दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. त्याचा काही दोष नाही. दोष कुणाचा, ते येईलच.

पहाटे गेलो आणि बघतच राहिलो. केसपेपरची खिडकी बंद होती, पण तिच्यापासून पार फाटकापर्यंत रांग — माणसांची नव्हे, चपलांची. चपला, पिशव्या, एक कळशी, एक काठी. माणसं भिंतीकडेला घोंगडी पांघरून पडलेली. कुणी आटपाडीकडून, कुणी जतकडून आदल्या संध्याकाळच्या गाडीनं आलेली. ज्याची चप्पल जिथं, त्याचा नंबर तिथं. एका कुत्र्यानं मधलीच एक चप्पल ओढून नेली, तर एक म्हातारा उठला, त्याच्या मागं चार पावलं पळाला, चप्पल सोडवून आणली आणि जागच्या जागी ठेवली. त्याची नव्हतीच ती. ना शिपाई, ना पोलीस. मी सगळा जन्म सरकारी कचेरीत काढला, पण इतकी सरळ रांग मी बघितली नाही. मला त्या माणसांचं कौतुक वाटलं, अगदी मनापासून. आणि शेवटी माझीही चप्पल ठेवून अनवाणी उभा राहिलो.

माझी ओळख तिथं मायाक्काशी झाली. आटपाडीच्या बाजूचं मेंढपाळ कुटुंब. बरोबर नवरा — बिरूतात्या. उंच, वाळका, तांबडा पटका, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. बोलायचं सगळं काम मायाक्काकडं. मला एकटं बघून तिनं आपणहून भाकरी पुढं केली, वर खर्डा. "खावा दादा. रित्या पोटी डाक्टरपुढं जाऊ नये, डाक्टर भ्या घालत्यात." मी खाल्ली. पित्त असूनही खर्डा खाल्ला आणि बोटं चाटली.

खाताना तिनं सगळं सांगितलं. तात्यांना टेकाड चढताना छातीवर कुणी धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. आधी ते बसायचे आणि मग चालायचे. आता बसून उठलं तरी धाप जात नव्हती. गावाकडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, सांगलीला जाऊन हृदयाच्या डॉक्टरला दाखवाच, उशीर करू नका. मागच्या आठवड्यात ते येऊन गेले होते, पण त्यांचा नंबर यायच्या आत वेळ संपली. म्हणून यावेळी आदल्या दिवशीच येऊन मुक्काम केला. मेंढरं भावकीतल्या एकाच्या हवाली केली होती.

हे सगळं मला माहीत होतं. हे नीट लक्षात घ्या. मला माहीत होतं.

दुपार होत आली. आम्ही आता आत, डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर बाकांवर होतो. त्या बाई — काय सांगू तुम्हाला! दार उघडं-मिटं व्हायचं तेव्हा दिसायच्या. एका हातानं नाडी, दुसऱ्या हातानं लिहिणं, आणि तोंडानं म्हातारीला समजावणं, "आजी, गोळी अर्धी नाही, आख्खी घ्यायची." जेवायला उठल्या नाहीत. चहा आला तो तसाच गार झाला. तरी रांग सरायचं नाव नाही. एक बाई आणि तीन-चार तालुक्यांची काळजं, कसं पुरणार? मायाक्का आणि तात्या दाराजवळ पोचले होते, आतला माणूस बाहेर आला की त्यांचाच नंबर. मी बराच मागं.

आणि संध्याकाळी माझी रंगीत तालीम होती.

हो. एवढंच कारण. तुम्ही दुसरं काही मोठं कारण शोधत असाल, तर नाही. स्पर्धेचं नाटक, त्यातला माझा तो शेवटचा अंक, आणि उशिरा पोचलो तर दिग्दर्शक चिडेल ही भीती. शिपाई येऊन सांगून गेला, "बाईंना वॉर्डात जायचंय, आता थोडेच पेशंट होतील." मी हिशेब केला. माझा नंबर लागत नव्हता. म्हणजे पुन्हा पुढच्या आठवड्यात यायचं, पुन्हा पहाटे उठायचं, पुन्हा अनवाणी.

मी उठलो. चालत दारापर्यंत गेलो. छातीवर हात. एक पाऊल मागं. बाकाची पाठ चाचपली — ती सापडली नाही.

सहज घडलं असं मी म्हणणार नाही. उठतानाच मला माहीत होतं काय करणार आहे ते. आणि ते उत्तम झालं, हेही मला पडता पडता कळलं. हे सांगताना लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात शाबासकी होती.

माझं डोकं फरशीवर आपटलं नाही. ते मायाक्काच्या हातात पडलं. कशी पोचली ती एवढ्या लवकर, कोण जाणे. तिनं मला मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला, आणि आतला पेशंट बाहेर येताच शिपायाला म्हणाली, "ह्या दादास्नी आदी घ्या. आमचं जुनं दुखणं हाय, थांबंल."

शिपाई बिचारा नियमाचा माणूस. म्हणाला, "अहो, नंबर तुमचा आहे."

"नंबर काय धरून बसताय? पाण्यावर मेंढरं आली की ज्याला धाप लागलीया त्याला आदी तोंड घालू द्यायचं. बाकीची थांबत्यात. ह्यात काय इचारायचं?"

माझे डोळे मिटलेले होते. पण ऐकू येत होतं. बाकांवरून एकही माणूस कुरकुरला नाही. उलट "व्हय व्हय, उचला त्यास्नी" असे आवाज आले. आदल्या संध्याकाळपासून ताटकळलेली माणसं! आणि मला उचलायला आलेल्या हातांत एक हात बिरूतात्यांचा होता. त्यांची धाप माझ्या कानाशी वाजत होती. खरी धाप. ती ऐकूनही मी डोळे उघडले नाहीत.

आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब कार्डिओग्राम काढला. तो स्वच्छ. आता तरी मी काय म्हणायला हवं होतं? "थांबलं बाई, पित्त असेल, पुढच्यांना घ्या." एवढे चार शब्द. बाहेर तात्या होते, अजून वेळ होता. पण दुखणं असं एकदम थांबलं तर खोटं दिसेल — हे माझ्यातल्या नटाला आधी सुचलं. मी म्हणालो, "अजून दुखतंय."

त्या बाईंनी मला झटकलं नाही. "काका, पहिला चांगला आला म्हणून सोडणार नाही मी तुम्हाला," म्हणाल्या. रक्त काढायला लावलं, थोड्या वेळानं पुन्हा कार्डिओग्राम काढला, स्वतः उशाशी उभ्या राहिल्या. माझ्या सख्ख्या लेकीनं केलं नसतं इतकं केलं. पुरता वेळ मीच खाल्ला. मग वॉर्डातून बोलावणं आलं, कुणाचं तरी खरंच बिघडलं होतं, आणि त्या पळतच गेल्या. त्या दिवसाची ओपीडी तिथं संपली.

पडद्याच्या फटीतून मायाक्कानं डोकावून बघितलं. "बरं वाटतंय न्हवं दादा?" मी मान हलवली. "मग झालं तर. आमी पुढल्या आठवड्याला यिऊ. गाडी गाठायची हाय." शिपायानं आग्रह केला होता म्हणे, तातडीच्या विभागात तात्यांना दाखवा. पण तात्या म्हणाले, आज बरं हाय, मेंढरं दुसऱ्याच्या जिवावर कुठवर ठेवायची.

संध्याकाळी मी तालमीला वेळेवर पोचलो. दिग्दर्शक म्हणाला, "आज मरण खरं वाटलं बघा तुमचं." पुढं प्रयोग झाले. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

पुढच्या आठवड्यात बाईंनी मला परत दाखवायला बोलावलं होतं. गेलो. चपलांची रांग शेवटपर्यंत बघत गेलो, तात्यांच्या जाड तळाच्या, नाल मारलेल्या वहाणा कुठंच नव्हत्या. बरं वाटत असेल त्यांना, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्याच दवाखान्यात बायकोचे डोळे दाखवायला गेलो, तर व्हरांड्यात मायाक्का. शेजारी चाकाच्या खुर्चीत बिरूतात्या — पटका तोच, पण खालचा माणूस निम्मा झालेला. मायाक्कानंच सांगितलं. त्या दिवशी घरी गेले आणि तीन-चार दिवसांतच तात्या माळावर मेंढरांमागं कोसळले. गाडी बोलावून सांगलीला आणलं, त्याच बाईंनी वाचवलं. पण काळजाचा बराच भाग कामातून गेला होता. आता टेकाड नाही, माळ नाही. मेंढरं विकली. ज्या माणसाचं सगळं आयुष्य चालण्यात गेलं, तो अंगणात खाट टाकून बसतो.

बायको फार्मसीच्या खिडकीकडं गेली होती. मी एकटाच डॉक्टरीणबाईंपाशी गेलो, आडून आडून विचारलं — तात्यांना तीन-चार दिवस आधी दाखवलं असतं तर? त्या थकल्या होत्या, तरी खरं बोलल्या. "कदाचित टळलं असतं. कदाचित नसतंही." त्या 'कदाचित'च्या आडोशाला मी पुष्कळ दिवस लपलो. पण आडोसा माझ्यासाठी होता, तात्यांना त्याचा काय उपयोग?

व्हरांड्यात परत आलो, ते सांगायचं ठरवूनच. शपथेवर सांगतो — नाही, माझ्या शपथेला काही किंमत नाही. परत आलो एवढंच खरं. मायाक्कानं माझ्याकडं नीट बघितलं आणि आपला खरबरीत तळवा सरळ माझ्या छातीवर ठेवला. शर्टाच्या खिशावर. भर व्हरांड्यात, कसलाही संकोच न करता, आईनं लेकराचा ताप बघावा तसा. ठोके लागले तिच्या हाताला. तिचा चेहरा उजळला. तात्यांकडं वळून म्हणाली, "बघा! मी म्हनलं न्हवतं? ह्ये दादा त्या दिशी वाचलं. आपलं गेलं, पर वाया न्हाई गेलं."

आणि बिरूतात्या, जे कधी बोलत नाहीत, ते हसले. हात जोडून म्हणाले, "लय ब्येस झालं."

इतकी मोठी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. मी मात्र म्हणालो, "तुमच्यामुळंच वाचलो." खोटं पहिल्यांदा बोललो ते तालमीसाठी. हे दुसरं कशासाठी, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांना तेवढाच आधार होता म्हणून — असं सांगून बघतो कधी कधी. पण आतून कळतं, मला त्या हाताखालून हलवेना, एवढंच.

अजून त्यांची गाठ पडते. तात्यांच्या तपासणीच्या दिवशी ती दोघं येतात, आणि मी काही ना काही निमित्त काढून तिथं जातो. पहाटे तात्यांच्या वहाणा घेऊन रांगेत मीच ठेवतो. मायाक्का म्हणते, "किती जीव लावता दादा," आणि बाकावरच्या नव्या माणसांना सांगते, ह्यो माणूस मरता मरता वाचला. मग तळवा माझ्या छातीवर ठेवते आणि विचारते, "काळीज कसं हाय आता?"

काळीज ठणठणीत आहे, मायाक्का. त्या दिवशीही ठणठणीतच होतं.