पिंजणाचा ठोका

बुलढाण्यात एका माडीवर आमचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. नवरा शूटिंग करायचा आणि मी मिक्सिंग. म्हणजे त्याने भरून आणलेल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, कापायच्या, वर गाणी चढवायची आणि लोकांना त्यांच्या लग्नाची डीव्हीडी करून द्यायची. हळदीला कुठलं गाणं आणि बिदाईला कुठलं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. स्वभाव मात्र तापट. कॉम्प्युटर अडला की आधी नवऱ्यावर ओरडायचं, मग कॉम्प्युटरवर, आणि चूक माझीच निघाली तर गुपचूप चहा ठेवायला आत जायचं, अशी माझी रीत होती.

ती वर्षं बीटी कापसाची. जो तो पाकिटातलं बियाणं लावत होता आणि आभाळाकडे बघत होता. आजूबाजूच्या एखाद्या गावात कोणाच्या घरी वाईट झालं की शहरातून कॅमेरे यायचे, घरच्या बाईला भिंतीशी बसवायचे आणि "जरा इकडे बघा" म्हणायचे. उंद्री गावच्या शाळेतल्या एका मास्तरांना याचा फार राग होता. एक दिवस ते आमच्या दुकानात आले आणि म्हणाले, "ताई, मले सिनेमा काढाचा हाय. माह्या सिनेमात एकबी माणूस मरनार नाही."

गोष्ट साधी होती. गावात एका मुलीचं लग्न ठरतं. गावचा पिंजारी तिच्या गादीसाठी घरोघर जाऊन ओंजळभर कापूस मागतो आणि प्रत्येक घर आपलंच वाण कसं भारी म्हणून त्याच्याशी भांडतं. पिंजाऱ्याचं काम करायला मास्तरांनी नट शोधला नाही. उंद्रीचे खरे पिंजारी, ज्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं, त्यांनाच उभं केलं. चाचांचा आवाज असा की गल्लीच्या या टोकाला "गाद्याऽऽ भरून घ्याऽऽ" म्हटलं की त्या टोकाच्या बाया उशा घेऊन ओट्यावर यायच्या. लग्नसराई नव्हती, नवरा रिकामाच होता. लग्नाच्या शूटिंगच्या आमच्याच कॅमेऱ्यावर सिनेमा झाला.

मग सीझन सुरू झाला आणि सिनेमा मागे पडला. मी सवडीने कापत बसले. तो पुरा होईपर्यंत चाचांचा घसा बसला. आधी खोकला म्हणाले, मग गाठ निघाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल. सोमवारी भरती व्हायचं होतं. मास्तरांनी रविवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सिनेमा दाखवायचं ठरवलं आणि मला एवढंच म्हणाले, "चाचाले एकडाव त्याहिचा आवाज आयकू द्या, ताई. मंग आहेच."

गुरुवारी मी डीव्हीडी लिहिली आणि मास्तरांसमोर मोठ्या तोऱ्यात प्लेयरला लावली. सुरुवात झकास. दहा मिनिटांनी मला काहीतरी खटकलं. अर्ध्या तासाने मास्तरांनाही खटकलं. शेवटाकडे चाचांचं तोंड मिटायचं आणि मग आवाज यायचा. मुलीचा बाप रडायचा थांबला की हुंदका. सगळ्यात भारी सीन होता तो, आणि मास्तर खाली मान घालून बसले होते.

कॉम्प्युटरवर तोच सिनेमा ओठाला आवाज जुळवून चालत होता. डीव्हीडीवर गेला की आवाज मागे. मी सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. डीव्हीडी बदलल्या. सावकाश लिहिली, जोरात लिहिली. शेजारच्या दुकानातून दुसरा प्लेयर आणला. मेनूवरची फुलं काढून टाकली, कारण ती फुलं फार जड आहेत असं मला वाटलं. प्रत्येक खेपेला तीन-साडेतीन तास जायचे आणि मध्येच लोडशेडिंग झालं की पहिल्यापासून. खामगावच्या एका मिक्सिंगवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "वहिनी, विंडोज मारून पाहा." त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर हेच औषध असायचं. विंडोज मारली, म्हणजे पुसून नव्याने टाकली. आवाज मागेच.

परत कॅसेटवरून उतरवावं, तर कॅसेटी कुठे होत्या? आमच्या धंद्यात कॅसेट जपून ठेवायची पद्धतच नव्हती. सीझन आला की त्याच कॅसेटीवर पुढचं लग्न. चाचा जिथे गल्लीतून चालत येत होते, तिथे आता कोणाची तरी वरात नाचत होती. आणि आवाज नव्याने भरून घ्यावा, तर चाचांच्या घशातून फक्त हवा येत होती. शुक्रवारी मी नवऱ्यावर इतकी ओरडले की तो जेवायलाही घरी आला नाही. खरं तर मला भीती वाटत होती. माझ्या हातून या माणसाचा आवाज जाणार, डॉक्टरच्या हातून जाण्याआधीच.

शनिवारी सकाळी चाचा स्वतःच एसटीने आले. मास्तरांनी सांगितलं असावं. गळ्याला मफलर, हातात पिशवी. मी सगळं सांगत सुटले, सॉफ्टवेअर, विंडोज, फुलं. त्यांनी हातानेच थांबवलं आणि कुजबुजल्यासारखं म्हणाले, "बेटा, पह्यले दाखव तं."

मी डीव्हीडी लावली. चाचा चित्रातल्या स्वतःकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पडद्यावरच्या पिंजणावर होती. लाकडी ठोकळा पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर पडतो आणि टणत्कार होतो, त्याची ते वाट बघत होते. पहिल्या घरी पिंजण चाललं तेव्हा मान हलवली. मधल्या घरी पिंजण चाललं तेव्हा बोट वर केलं. शेवटच्या घरी ठोका पडला, चाचांनी मनात काहीतरी मोजलं आणि मग टणत्कार आला.

"एकदम नाही मांगं पडत," ते म्हणाले. "जरा जरा पडून राह्यला. पह्यल्या घरी संगच हाय. मधात आधा ठोका. आखरीले पुरा एक. कोनी सुस्त माणूस कसा संगं चालते, तसा."

दोन दिवस मी फक्त "आवाज मागे" एवढंच बघत होते. कुठे किती मागे, हे मोजलंच नव्हतं. आवाज तुटला असता तर एकदम सरकला असता. हा तर मिनिटामिनिटाला थोडा थोडा आणखी मागे पडत होता. म्हणजे चित्राची चाल एक आणि आवाजाची चाल दुसरी. आणि आवाजाची चाल ठरते कॅमेऱ्यात.

मी नवऱ्याला कॅमेरा आणायला सांगितला. त्याने तो टेबलावर ठेवला. पट्ट्याखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं: आवाज बारा बिट, हात लावू नये. अक्षर माझं होतं.

त्याचं असं की आमच्या कॅमेऱ्यात आवाज दोन तऱ्हांनी भरता यायचा. सोळा बिटावर भरला की चांगला, पण जागा पुरी व्यापायचा. बारा बिटावर भरला की अर्धी जागा रिकामी राहायची आणि त्या जागेवर नंतर सनई, गाणी चढवता यायची. पूर्वी आम्ही कॅमेऱ्यातच गाणी चढवायचो, तेव्हाची ती चिकटपट्टी. पुढे कॉम्प्युटर आला, पण पट्टी तशीच राहिली. बारा बिटाच्या आवाजाची चाल एक आणि डीव्हीडीला हवी असते ती निराळी. सॉफ्टवेअर बिचारं लिहिता लिहिता एक चाल दुसरीत बसवत होतं आणि दर मिनिटाला जरासं चुकत होतं. आमच्या सगळ्या लग्नांच्या डीव्हीडीत हे असंच होत आलं असणार. पण लग्नात बोलतं कोण? वर गाणं असतं, खाली माणसं तोंड हलवतात. इतक्या वर्षांत एकाही नवरदेवाने तक्रार केली नव्हती.

"तूच तं सांगतलं होतं, हात लावू नको म्हनून," नवरा म्हणाला.

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर दोघं हसत होते. चाचांचं हसणं ऐकू येत नव्हतं, पण खुर्ची करकरत होती.

मग काम फार नव्हतं. सिनेमातून आवाज वेगळा काढला, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच त्याची चाल बदलून घेतली आणि मग चित्र आणि आवाज दोन्ही डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला दिले. दुपारी दिवे गेले नाहीत, हे त्या दिवसाचं मोठंच नशीब. चारच्या सुमाराला शेवटच्या घरचा सीन लावला. ठोकळा पडला आणि त्याच क्षणी टणत्कार झाला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

रविवारी उंद्रीच्या पटांगणात बसायला जागा नव्हती. सगळं गाव आपापल्या वाणाची भांडणं बघून हसत होतं. चाचांची हाक पहिल्यांदा आली तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी खरंच उठून उभी राहिली, आणि मग आणखी हशा झाला. चाचा पहिल्या रांगेत चाचींच्या शेजारी बसले होते आणि प्रत्येक ठोक्याला मांडीवर बोट मारत होते. एकही बोट चुकलं नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने ते गेले.

ऑपरेशन नीट झालं. तीन-चार महिन्यांनी चाचा मफलर गुंडाळून परत दुकानात आले, सोबत चाची. चाचांनी खिशातून एक मेमरी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. चाची म्हणाल्या, "फकत हाक पायजे म्हणते. बाकी सिनेमा नोको."

मी हाक कापून कार्डावर दिली. जरा मोकळी जागा सोडून परत तीच, परत तीच. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी, मी लग्नाला गाणी चढवत बसले होते आणि खालून आवाज आला. गाद्याऽऽ भरून घ्याऽऽ. खिडकीतून बघितलं तर चाचा खांद्यावर पिंजण घेऊन चालले होते. सोबत ढकलत नेलेल्या सायकलच्या हँडलला मेमरी कार्डाचा भोंगा बांधलेला. तोंड मिटलेलं, आणि आवाज गल्लीभर. ओठ आणि आवाज जराही जुळत नव्हते आणि मला ते अजिबात दुरुस्त करायचं नव्हतं. आमच्या गाद्या मागच्याच वर्षी भरल्या होत्या. तरी मी दोन उशा उचलल्या आणि जिना उतरले.