ठोकळ्यावरचं कुंकू

म्हात्रे गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या लॅबमध्ये काळा पडदा ओढून, चष्मा चढवून बसलो होतो. लेझर चालू असताना फोन घ्यायचा नाही, हा त्याचाच नियम. पण नंबर त्याच्या घरचा होता म्हणून घेतला. त्याचा मेहुणा म्हणाला, "झोपेतच गेले." मी "बरं" म्हटलं, उरलेले नमुने तपासले आणि मगच मशीन बंद केलं. याला महिना उलटून गेला. लोक विचारतात, सावरलात का? सावरायला आधी कोसळावं लागतं... माझं अजून तेही झालेलं नाही. नुसतं बधिर वाटतं.

विश्वास म्हात्रे आणि मी एमआयडीसीतल्या त्या छोट्या लॅबमध्ये बरोबरच लागलो. धातूच्या पोटात चीर आहे का, हे न कापता शोधायचं, हे आमचं काम. एरवी त्यासाठी धातूला जेल फासतात, वर प्रोब टेकवतात आणि आत ध्वनिलहरी सोडतात. पण भट्टीतून निघालेल्या लालभडक सळईला टेकवणार काय, कपाळ? म्हणून म्हात्रेने लेझरचा ध्यास घेतला. लेझरचा क्षणभराचा झोत पडला की धातूवरचा तेवढाच ठिपका तापतो, फुगतो आणि त्या धक्क्याने आत एक आवाज धावत सुटतो. कानाला न ऐकू येणारा. तो पलीकडच्या टोकाला आपटून परत येतो, आणि वाटेत चीर असली तर आधीच माघारी फिरतो. त्याची थरथर दुसऱ्या लेझरने टिपायची. "हात न लावता नाडी बघायची. वैद्याच्या वरताण," म्हात्रे म्हणायचा.

माणूस हट्टी. मांजर्लीत त्याच्या घरात नदीचं पाणी शिरलं, तेव्हा सुनंदावहिनी तांदळाचे डबे माळ्यावर चढवत होत्या आणि हा लेन्सची पेटी छातीशी धरून जिन्यात उभा. "ती माझी सवत आहे," वहिनी मला म्हणाल्या होत्या. तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

तेराव्यानंतर मी मांजर्लीला गेलो. चहा झाला. मग वहिनींनीच विचारलं, "भाऊजी, इतकी वर्षं डबा भरून दिला, पण हे तिथं करायचे काय ते मला कळलंच नाही. विचारलं की म्हणायचे, तू बोअर होशील. त्या लॅबमध्ये माझं काही होतं का हो?"

मी त्यांना दसऱ्याची गोष्ट सांगितली. दरवर्षी मशिनच्या पूजेसाठी वहिनी कुंकवाची पुडी द्यायच्या. एका वर्षी म्हात्रेने चाचणीच्या ठोकळ्यालाही बोट लावलं. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवरची रेघ टुणकन वर. आपली नवी लेन्स जमली असं समजून त्याने मालकांना फोन केला, सगळ्यांना जिलबी आणली. जिलबी संपायच्या आत रेघ खाली. बघतो तर झोताने कुंकू जळून गेलेलं. चकचकीत धातू प्रकाश परतवून लावतो, कुंकू तो शोषून घेतं, म्हणून आत आवाज मोठा गेला होता. त्या कामासाठी काळा रंग मिळतो, तो आमच्याकडेही होता. पण तेव्हापासून नमुना अडला की म्हात्रे बाटलीला हात न लावता त्या पुडीत बोट बुडवायचा आणि म्हणायचा, "आता बघ आमच्या सुनंदाची पॉवर."

वहिनी हसल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

"बायका म्हणतात, आता हे उचलून ठेव. तुम्ही न्या. तिथं तरी लागेल."

काल एक सळई काही केल्या बोलेना. मी करंडा उघडला, बोट टेकवलं, झोत सोडला. रेघ वर गेली. मला काहीच वाटलं नाही. तरी वहिनींना फोन लावला आणि म्हटलं, "आला आवाज."

"मला ऐकवा."

तो ऐकू येत नाही, हे सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं... पण झोत पडताना हवेत बारीकसं टक होतं, तेवढं तरी. मी फोन सळईजवळ धरला आणि झोत सोडला. टक.

मग वहिनी म्हणाल्या, "अजून एकदा."

कुंकू जळून गेलं होतं. मी पुन्हा बोट बुडवलं. या वेळी स्क्रीनकडे बघितलं नाही.