टाकोला वन्स मोअर

पडदा वर जातो. यवतजवळ हायवेला नवं मेक्सिकन हॉटेल, भिंतीवर रंगवलेली भलीमोठी टोपी, आणि त्या टोपीखाली बसलेलं साहेबरावांचं कुटुंब. साहेबराव म्हणजे आमच्या तमाशाचे ढोलकीवाले. सून सीमा हिला कंपनीत नोकरी लागली, तिच्या पहिल्या पगाराची ही पार्टी. मलाही, फडाच्या अक्काला, तिनं हट्टानं आणलं होतं.

टाको आले, मक्याच्या कडक पोळीत राजमा-चीज भरलेले. साहेबरावांनी कडक भाकरी समजून ते ताटात कुस्करले आणि रश्श्याची वाट पाहत बसले. रस्सा काही आला नाही. राजमा गार, चीज रबरासारखं. त्यांची बायको अंजना बोललीच, "ह्यापरीस घरची आमटी बरी व्हती." सीमाचं तोंड एवढंसं झालं.

असं तोंड आम्ही फडावर फार पाहिलंय. नव्या पोरीची लावणी पडली, पब्लिक गप्प झालं, की साहेबराव स्वतःच ढोलकीवर थाप मारून 'वन्स मोअर' ओरडायचे. मग पब्लिकही ओरडायचं आणि पोरगी पुन्हा उभी राहायची.

त्यांनी टेबलावर तशीच थाप मारली. "वन्स मोअर!"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. सीमा डोळे पुसता पुसता खुदकन हसली. वेटरला मात्र ते खरंच वाटलं. त्यानं तसंच भरलेलं दुसरं ताट आणून ठेवलं.

साहेबराव माझ्या कानाशी वाकले. "अक्का, आता तुमी बी हात चालवा. ह्यो वन्स मोअर मला एकट्याला न्हाई झेपायचा."