बाजूची सीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही — आणि आता सांगायला हे राहिलेही नाहीत. गाडी ठोकल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? पदर सारखा केला. हसा, खुशाल हसा. मलाही त्या बयेचं हसूच येतं.

ती बया म्हणजे मी, चाळिशीतली. घरात पहिली गाडी आलेली आणि ती चालवणारी मी! काच खाली, कोपर बाहेर — ऊन लागलं तरी चालेल, पण लोकांनी बघितलं पाहिजे. सासरे, आमचे आबा, ओट्यावरून म्हणायचे, "बाईच्या हातात गाडी म्हंजी येक दिस कुणाच्या तरी अंगावर जाणार." मी मान उडवायची.

आता नात गाडी शिकतेय. तिला मी ऐटीत सांगते — धडक झाली तर गाडी बंद कर, लुकलुकते दिवे लाव, आधी माणसाकडं धाव, एकशे आठला फोन लाव, पोलीस आले की खरं ते सांग. ती म्हणते, "आजी, तुला बरं सगळं पाठ!" पाठ असणारच. यातलं एकही मी केलं नव्हतं.

त्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याहून राहू गावाला निघालो होतो. पुढं उसाची ट्रॉली. तिला मागं टाकायला गेले आणि समोरून मेथीच्या जुड्या लादलेली सायकल — राहूचे भाजीवाले सखाराममामा रस्त्यावर पडले, पाय सायकलीखाली. शेजारी धाकटा दीर विलास. तो उतरायला दार उघडतोय आणि मी त्याचा दंड धरून म्हणते, "आधी तू इकडं सरक." लायसन माझ्याकडं होतं. गाडीचे कागद होते. मग भ्यायले कुणाला? पोलिसांना? छे — आबांच्या त्या एका वाक्याला!

एवढीशी गाडी. तो माझ्यावरून, मी गिअरवरून — काय ती आमची कसरत! आणि बाहेर माणूस ओरडतोय. लोक धावत आले तेव्हा मी बाजूच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन, घरंदाज. कुणी विचारलंसुद्धा नाही. बाई चालवत असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? केस विलासवर झाली. तारखांना तोच गेला. आबांनी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या. आणि मी? आत भाकरी थापत ऐकत राहिले.

मामांचा पाय कायमचा आखडला. त्यांना बघायला गेले होते, फळं घेऊन. "विलासचं जरा चुकलंच," असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं — हो, तेव्हाही खोटंच बोलणार होते. मामांनी हात वर केला.

"बाई, गाडी कोण चालवत हुतं ते म्या कुणाला सांगितलं न्हाई, सांगणार बी न्हाई. पर म्या हाका मारत हुतो, तवा तुम्ही दोघं आत जागा बदलत हुता — त्ये मला समदं दिसत हुतं."