आहेर वापस घेणारे काका

विकलेला माल परत आला की खूश होणारा दुकानदार अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच होता, आणि तो म्हणजे आमचे भांडेवाले काका. बाकीचे दुकानदार ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी ठळक अक्षरांत लावत. इथे मात्र कोणी पिशवीत भांडं घालून पायरी चढला की काका गादीवरून अर्धे उठत. “या जी या! कोनाचं लग्न झालं?”

नव्वदच्या सुमारास आमच्याकडे आहेर म्हणजे स्टीलचं भांडं, हे ठरलेलं. त्यामुळे नव्या संसारात गंज, म्हणजे उभी पातेली, सात आणि झारा एकही नाही, अशी गत. जास्तीचे गंज काकांकडे येत, बदल्यात झारा, कढई, तवा जाई, आणि आलेला गंज घासूनपुसून पुढच्या लग्नाला निघे. म्हणून काका नागपूरहून माल मोजकाच मागवत. किती मागवायचा, ते पंचांग बघून ठरे. “पाच-सहा लग्नं एकाच दिवशी आली, तं माल जास्त ठेवा लागते,” ते मला समजावत. “काऊन का सारे गंज एकदमच जातात, अन् वापस याले आठवडा लागते. तारखा दूर-दूर असल्या, का एकच गंज साऱ्या लग्नाले जाऊन येते.” तरी वरच्या फळीवर दोन गंज अडीअडचणीसाठी राखलेले असत, आणि त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. भांड्यावर नाव घालायला तर त्यांचा कट्टर विरोध. “नाव टाकलं का ते घरीच बसलं!”

कहर म्हणजे, एका मित्राला मी दिलेला, पोचा पडलेला पाण्याचा गुंड माझ्याच लग्नात मला आहेर म्हणून आला. मी तणतणत दुकान गाठलं. काकांनी पोच्यावरून मायेनं अंगठा फिरवला. “चांगला हाय की. फिरून आला बिचारा.” यावर माणूस भांडणार तरी काय, कपाळ! तोवर त्यांनी स्टूल सरकवलं होतं, आणि पंगतीत काय होतं, वऱ्हाड वेळेवर आलं का, रुसलं कोण, असं खोदून खोदून विचारायला सुरुवात केली होती.

खरं सांगू? तो सगळा व्यापार त्या गप्पांसाठीच होता. काका एकटे. लग्न केलं नाही की झालं नाही, देव जाणे. आई गेल्यावर दुकानामागच्या खोलीत एकटेच राहत. गावातल्या प्रत्येक लग्नात त्यांचं भांडं जाई, पण भांडेवाल्याला पत्रिका कोण देतो? कोणी काही बदलायला आलं, की तेवढंच लग्न त्यांच्या वाट्याला येई.

दोन हजार सालानंतर पत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापून येऊ लागलं. फार तर पाकीट. आता पाकीट कोण बदलायला आणतो? माल परत येईना, म्हणून काकांनी नवा जास्त भरून ठेवला, तर न्यायलाही कोणी येईना. गंज छताला टेकले. “मालाचं काही नाई जी मास्तर,” ते मला म्हणाले, “खपन हळूहळू. पण कोनी येऊनच नाई राह्यलं.” त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न सावंगीच्या रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये होतं. मी काकांना पत्रिका नेऊन दिली. कडक इस्त्रीचा सदरा घालून ते सगळ्यांच्या आधी हजर झाले आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून, हात पाठीमागे बांधून हॉलभर फिरले. जिलेबी दोनदा मागून घेतली.

चार दिवसांनी मी दुकानात गेलो. त्यांची नजर आधी माझ्या हातांकडे गेली.

“बदलायचं काही नाही काका. नुसता बसायला आलो.”

ते गादीवरून उठले. मग फडक्यानं स्टूल पुसलं, परत एकदा पुसलं.

“मंग? कसं झालं लग्न?”

“अहो, तुम्ही होता की तिथं!”

“होतो ना,” काका म्हणाले. “तरी सांगा ना जी.”