नाव न सांगणाऱ्या बाई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते वाघोलीच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल बाईंचे. त्या विद्यार्थ्यांनाही ‘आपण’ म्हणत, पण बोलणं तुटक. कोणी कोणतं पुस्तक नेलं, हे शेजारच्यालाही कळू देत नसत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून शिक्षक-कारकुनांच्या नोकऱ्या गेल्या; मित्रांची नावं सांगा, म्हणून दडपण आलं. त्यावर मी एम.ए.चा प्रबंध लिहीत होतो. एकदा मी परत केलेलं पुस्तक संस्थेच्या सचिवांनी बाईंच्या टेबलावरून उचललं.

“हे कम्युनिस्टांचं कोण वाचतंय? कॉलेजातून काढतो त्याला!”

घरातून पहिलाच कॉलेजात आलेला मी कपाटाआड सरकलो.

“अहो, हे कम्युनिस्टांना घाबरणाऱ्यांचं आहे,” बाई म्हणाल्या. “आपण घरी न्या. आपलंही नाव कुणाला सांगणार नाही.”

बाईंची नेमणूक वर्षावर्षाची; जूनमध्ये संस्थेने त्यांना पुन्हा नेमलं नाही.

परवा मी त्यांना पत्र पाठवलं:

“बाई, नमस्कार. मी आता हडपसरला शिकवतो. काल तोच विषय घेतला. एका मुलीने विचारलं, ‘सर, नावं न सांगणाऱ्यांचं काय झालं?’ म्हटलं, ‘नोकऱ्या गेल्या.’ ‘आणि ज्यांची नावं सांगितली नाहीत, त्यांचं?’ मी म्हटलं, ‘तसा एक तुम्हाला इतिहास शिकवतोय.’”